आग्रा रोडने श्रीनगर, आणि परत

नमस्कार श्रोतेहो.

धुळ्यात आग्रा रोड म्हटलं की आपल्याला बाजार आठवतो, कापडाची दुकानं आठवतात. पण तो रस्ता खरंच आग्र्याकडचा आहे, आणि आग्र्यालाही थांबत नाही. आम्ही घरची मंडळी त्याच वाटेनं निघालो. शिरपूर, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, पठाणकोट आणि थेट श्रीनगर. सोबत माझी आत्या, वय सत्तरीपुढचं.

काश्मीरचं वर्णन करत बसत नाही, ते तुम्ही खूप ऐकलंय. वाटेत तो चेनानी-नाशरी बोगदा लागतो, २०१७ साली सुरू झालेला, ९ किलोमीटरहून लांब. आत्यानं आत शिरताना डोळे मिटले आणि बाहेर आल्यावर विचारलं, "घाट कुठं गेला रे?"

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रात्री गाडी हाकू नका. पुन्हा सांगतो, रात्री मुक्काम करा. आणि वाट चुकलीच तर मोबाइल बाजूला ठेवून टपरीवर विचारा. आजकाल माणसाला माणसाशी बोलायचंच नको झालंय, पण ते असो.

तर आत्याच्या पिशवीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाचा डबा होता. जाताना कुणी उघडू दिला नाही. परतताना मध्य प्रदेशात शिवपुरीच्या पुढं एका ढाब्यावर थांबलो, तर बाई डबा काखोटीला मारून सरळ भटारखान्यात! "परात दे, गरम पाणी दे." ढाबेवाला बघतच राहिला. तिनं पीठ मळलं, गोळा परातीत ठेवला, आणि थाप, थाप, थाप. उडदामुळं कळण्याला चिकटा असतो, त्यामुळं भाकरी कडेला फाटली नाही. तव्यावर पाणी फिरवलं, उलटली, आणि मग जाळावर टम्म फुगली. ढाबेवाला म्हणाला, "अम्मा, यह काली रोटी कैसी?" आत्या म्हणाली, "खाके देख!" तिचं हिंदी तेवढंच.

वास बाहेर गेला असणार. बाजेवर एक ट्रकवाला तंदुरी रोटी खात बसला होता. त्यानं हातातली रोटी ताटात टाकली, दाराशी आला आणि म्हणाला, "माय, माले बी एक भाकर दे."

माले बी! आपली अहिराणी, शिवपुरीच्या पुढं! आत्याचा हात परातीतच थांबला. "कोणता गावना रे तू?" तर तो शिंदखेड्याचा. बाहेर त्याचा ट्रक उभा, एमएच १८, आपल्या धुळ्याचा नंबर. मग काय, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर तेल. आम्ही पुरुषमंडळी बाजूलाच, त्या दोघांच्या गप्पा पावसापासून कपाशीच्या भावापर्यंत गेल्या. ढाबेवाल्यानं भाकरीच्या जळणाचे पैसे घेतले नाहीत. त्यानंही दोन खाल्ल्या होत्या.

 

बिजासन घाट उतरून पळासनेर आलं, तापीचा पूल गेला, सोनगीरचा किल्ला दिसला. घरी पोचलो तर गल्ली गोळा झाली. काश्मीर कसं होतं, बर्फ पाहिला का? आत्यानं चपला काढता काढता शेजारणीला विचारलं, "नळाला पाणी कधी आलं होतं?"

"परवा. तुमचेबी दोन हंडे भरून ठेवलेत."

"मग आधी चहा टाक," आत्या म्हणाली.

नमस्कार.