रविवारचा चेहरा

[दृश्य : काळोख. पंख्यांची एकसुरी घरघर. हळूहळू स्थानकाचं अरुंद दालन दिसू लागतं.]

अंतराळात माणूस खचला, तर दुखणं हवेचं, शरीराचं की मनाचं, हे ओळखायचं कसं? त्याची ही गोष्ट. फेब्रुवारी १९७७. व्हिक्टर गोर्बात्को आणि युरी ग्लाझकोव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर साल्यूत-५ या अंतराळ स्थानकाला आपलं यान जोडतात, पण लगेच आत शिरत नाहीत. आधी झोप घेतात. मग झडप उघडतात, तेव्हा दोघांच्या तोंडावर श्वसनाचे मुखवटे असतात. ते आतली हवा तपासतात. हवा स्वच्छ निघते.

हे मुखवटे कशासाठी होते, ते समजायला सहा महिने मागे जावं लागतं. ६ जुलै १९७६ ला बोरिस वोलिनोव आणि विताली झोलोबोव याच स्थानकावर गेले होते. मुक्कामाला सहा आठवडे होत आले असताना, स्थानक पृथ्वीच्या सावलीत होतं तेव्हा अचानक भोंगा वाजला. वीज गेली. दिवे विझले. दोघांनी स्थानक पुन्हा ताब्यात आणलं, पण त्यानंतर झोलोबोव सावरले नाहीत. झोप उडाली, डोकं दुखत राहिलं. औषधपेटीतल्या गोळ्यांचा उपयोग होईना. दोघांचं काम वोलिनोव एकटे ओढू लागले. शेवटी परतायचा हुकूम आला. सुटताना जोडणीची खीळ पुरती निघेना, आणि स्थानकाला अर्धवट अडकलेल्या अवस्थेत त्यांना पृथ्वीभोवती एक पूर्ण फेरी काढावी लागली. म्हणजे आणखी सुमारे दीड तास. २४ ऑगस्टला, ४९व्या दिवशी, दोघे उतरले.

जमिनीवर एक शंका धरून ठेवली गेली होती : हवेत विषारी वाफ मिसळली असेल. ही शंका वाईट होती, तरी तिच्यात दिलासा होता. हवा बिघडली असेल तर हवा बदलता येते. माणूस आतून खचला असेल तर काय बदलायचं? मुखवटे काढले गेले तेव्हा तो दिलासाही गेला.

आता याच्या अगदी उलट घडलेलं बघा. सप्टेंबर १९८५. साल्यूत-७ वर व्लादिमीर वास्युतिन पोचले. मुक्काम पुढच्या वर्षापर्यंत चालायचा होता. काही आठवड्यांत त्यांचं कामातलं लक्ष उडालं, ते गप्प गप्प राहू लागले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मन ढासळलं. प्रत्यक्षात प्रोस्टेट ग्रंथीला जंतुसंसर्ग झाला होता आणि ताप ४० अंशांपर्यंत चढत होता. २१ नोव्हेंबरला, ६५ दिवसांनी, त्यांना खाली आणावं लागलं.

एकीकडे दोष शरीराबाहेर शोधला, तिथे तो नव्हता. दुसरीकडे मनाचं दुखणं वाटलं, ते शरीराचं निघालं. म्हणून आजही स्थानकावरचा कुणी ‘पहिल्यासारखा राहिला नाही’ असं वाटलं, की वैद्य सुरुवातीलाच त्याच्या मनाकडे बोट दाखवत नाहीत.

[दृश्य : झोपण्याची कपाटाएवढी खोली. भिंतीला बांधलेली स्लीपिंग बॅग. तिच्या डोक्याशी हवेची जाळी.]

सुरुवात झोपेपासून. वेळापत्रकात रोज साडेआठ तास झोप लिहिलेली असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मनगटावरच्या यंत्राने मोजली, तेव्हा ती सरासरी जेमतेम सहा तास भरली, आणि चारातल्या तिघांनी मुक्कामात केव्हा ना केव्हा झोपेची गोळी घेतली होती. दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो. एखादं मालवाहू यान मध्यरात्री येणार असेल तर सगळ्यांचा दिवसच काही तासांनी सरकवला जातो.

मग हवा. मोकळ्यावर हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्याच्या आसपास असतो. स्थानकात तो ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे आठ-दहा पट. शिवाय तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही. आपण सोडलेला श्वास तोंडासमोरच ढगासारखा साचतो. म्हणून झोपताना डोकं हवेच्या जाळीकडे ठेवायचं आणि जाळीसमोर कपडे, पिशव्या तरंगू द्यायच्या नाहीत. जाळीवर धूळ बसली तरी वारा मंदावतो. सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड, हिशेबात चुका : या तक्रारी आल्या की आधी पंखा आणि जाळी बघतात. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण अशा वेळी जाळी पुसणं हाच उपचार असतो.

त्यानंतर औषधं. पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेकांना मळमळ होते. त्यावर देतात ते प्रोमेथाझिन गुंगी आणतं. मग ताप, कुठलं दुखणं, कुठला संसर्ग. हे सगळं चाळून झालं की मगच मन.

मनाच्या या थकव्याला रशियन वैद्य ‘अस्थेनिया’ म्हणतात. लवकर दमणं, भूक मंदावणं, झोप तुटणं, बारीकशा आवाजाने वा उजेडाने वैतागणं, क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येणं. खालून ओळखण्याची एक खूण फार उपयोगी आहे. शेजारच्या माणसाशी भांडून चालत नाही, त्याच्याबरोबर अजून चार महिने काढायचे असतात. मग राग निघतो नियंत्रण कक्षावर. वड्याचं तेल वांग्यावर. ‘तुम्हाला तिथे बसून काय कळणार’ असे बोल वाढले, की कक्षातल्या अनुभवी माणसाने उलट उत्तर द्यायचं नसतं. त्याने कामाची यादी कमी करायची असते.

[दृश्य : घरातली बैठकीची खोली. टेबलावर लॅपटॉप. चौकटीत एक सुजलेला, हसरा चेहरा.]

आणि घरची माणसं?

त्यांना आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी-रविवारी, चित्रासह खासगी बोलणं मिळतं. मधल्या दिवसांत फोन येतो, पण तो वरूनच लावता येतो, खालून नाही. उपग्रहाचा दुवा तुटला की वाक्य अर्धं राहतं. आवाज पोचायला सेकंदभर उशीर होतो, त्यामुळे दोघे एकदम बोलतात, एकदम थांबतात. ही अडखळण यंत्राची असते, पण घाबरलेल्या घरात ती माणसाची वाटते. चेहऱ्याचंही तसंच. शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकल्यामुळे गाल फुगतात, डोळे बारीक दिसतात. आईला वाटतं, पोरगी रडून आली.

निराशा अशी सहज चुकते. आशा त्याहून सहज चुकते. रविवारच्या बोलण्यासाठी माणूस तयारी करून बसतो. दाढी करतो, केस नीट करतो, सांगायच्या दोन गमती ठरवून ठेवतो. वीस मिनिटं उसनं अवसान आणणं कुणालाही जमतं. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि पडद्यामागे तो माणूस चार रात्री झोपलेला नसतो. परतीची तारीख जाहीर झाली की आवाजात एकदम हुशारी येते, तीही अशीच. तारीख पुढे ढकलली की कळतं.

जॉन ब्लाहा हे अमेरिकी अंतराळवीर सप्टेंबर १९९६ मध्ये मीर या रशियन स्थानकावर गेले. ज्या रशियन जोडीबरोबर त्यांनी सराव केला होता, ती उड्डाणाच्या तोंडावर आजारपणामुळे बदलली गेली. वर पोचल्यावर पहिले काही आठवडे आपल्याला नैराश्याने घेरलं होतं, हे त्यांनी नंतर उघडपणे सांगितलं. तेव्हा काम मात्र चालू होतं. काम चालू असणं हा मन ठीक असल्याचा पुरावा नव्हे.

म्हणून चेहऱ्यावर न जाता मोजतात. तीन मिनिटांची एक चाचणी आहे. पडद्यावर आकडे धावू लागले की बटण दाबायचं. ३५५ मिलिसेकंदांहून उशीर झाला की ती एक चूक. झोप तुटलेल्या माणसाला आपण ठीकच आहोत असं वाटत राहतं, पण त्याच्या चुका वाढलेल्या असतात. दुसऱ्या चाचणीत संगणकावर पाच खेळ : खुणा आणि आकड्यांच्या जोड्या, त्या थोड्या वेळाने पुन्हा आठवणं, आकृती जुळवणं, गणित, लक्ष टिकवणं. यातली गोम अशी की तुलना इतरांशी नसते, त्याच माणसाच्या उड्डाणापूर्वीच्या आकड्यांशी असते. ते आकडे अनेकदा सराव करून घ्यावे लागतात. नाहीतर सरावाने आलेली चलाखी वर गेल्यावर ‘सुधारणा’ म्हणून दिसते आणि खरी घसरण तिच्याखाली झाकली जाते.

घरच्यांनाही हेच करता येतं. दर फोननंतर तारीख, कशाविषयी बोलणं झालं, किती झोपलो म्हणाला, घरच्या कुणाची चौकशी केली, हे चार ओळींत टिपायचं. ‘बरा आहेस ना?’ असं विचारलं की ‘बरा आहे’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारायचं, काल रात्री किती वाजता जाग आली? एका फोनवरून काही ठरवायचं नाही. रोज भाचीची चौकशी करणाऱ्याने तीन आठवडे तिचं नावही काढलं नाही, तर ते उड्डाण-वैद्याच्या, म्हणजे अंतराळवीरांची तब्येत बघणाऱ्या डॉक्टरच्या, कानावर घालायचं. चुगली केल्यासारखं वाटलं, तरी.

[दृश्य : औषधपेटी. राखाडी चिकटपट्टी. लवचीक दोऱ्या.]

परिस्थिती हाताबाहेर गेली तर काय करायचं, हेही लिहून ठेवलेलं आहे. स्थानकाच्या वैद्यकीय सूचनांतली ती पानं २००७ मध्ये लोकांसमोर आली. मनगटं आणि घोटे चिकटपट्टीने बांधा. धड लवचीक दोरीने बांधा. गरज पडल्यास शामक औषध द्या. आणि हे करत असताना त्याच्याशी बोलत राहा. तुम्ही काय करता आहात, आणि ते त्याच्या सुरक्षेसाठी आहे, हे त्याला सांगा. पेटीत नैराश्यावरच्या गोळ्याही असतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तर ते गोळीमुळे नव्हे, आणि वाटलं नाही तर गोळी वाया गेली असंही नव्हे. घरच्यांना हे आधीच सांगितलं, तर ते दोन आठवडे थोडे कमी जड जातात.

खाली उतरवणं हा शेवटचा मार्ग. रशियन सोयूझ यान स्थानकापासून सुटल्यावर साडेतीन तासांत जमिनीवर येऊ शकतं. पण त्या यानातून गेलेल्या सगळ्यांनाच परतावं लागतं, आणि हे ज्याचं मन थकलंय त्याला पुरतं ठाऊक असतं. म्हणूनच तो उशिरा बोलतो.

लपवालपवी खालूनही होते. गेओर्गी ग्रेच्को १९७७-७८ च्या हिवाळ्यात साल्यूत-६ वर ९६ दिवस होते. त्या काळात त्यांचे वडील गेले. सोबतच्या युरी रोमानेन्को यांना ते कळवलं होतं, ग्रेच्कोंना नाही. कळलं ते उतरल्यावर. रोमानेन्को तोवर त्यांच्या शेजारी जेवले, झोपले, काम केलं. उलट डिसेंबर २००७ मध्ये डॅनियल टानी यांच्या आई अपघातात गेल्या, तेव्हा ते स्थानकावर होते आणि त्यांना लगेच सांगितलं गेलं. त्यांना परत आणणाऱ्या अमेरिकी शटल यानाचं उड्डाण लांबल्यामुळे परतीला फेब्रुवारी उजाडला. आता अशी बातमी कशी हवी, हे उड्डाणाआधीच विचारून ठेवतात. हा प्रश्न घरच्यांसमोर विचारला जावा, असं आमचं ठाम मत आहे.

[दृश्य : उतरलेलं यान. दोघांच्या आधाराने चालणारा अंतराळवीर.]

परत आल्यावर माणूस पहिल्यासारखा होतो का? स्थानकावर सहा महिने राहिलेल्या २५ जणांच्या चाचण्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वर असताना विचारांचा वेग, स्मरण आणि लक्ष काहीसे मंदावले. अचूकता बहुतांशी टिकली. मेंदू झिजत गेल्याची खूण दिसली नाही. त्याआधी ३४० दिवस राहिलेल्या स्कॉट केली यांचा वेग मात्र उतरल्यानंतर घसरला, आणि पुढचे सहा महिने कमीच राहिला. एका माणसावरून नियम होत नाही. पण घरी आलेला नवरा दुसऱ्या आठवड्यात किल्ल्या शोधत फिरताना दिसला, तर बायकोने त्यावरून ना धीर सोडावा, ना ‘आता सगळं ठीक’ म्हणावं. सहा महिने त्याच चाचण्या होत राहतात.

आपल्याकडे गगनयानची सफर जेमतेम तीन दिवसांची असेल. तेवढ्यात मन थकत नाही. भारताचं स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभारायचं ठरलं आहे. तेव्हा हे रविवार आपल्या घरांतही येतील.

मंगळाचा प्रवास मात्र वेगळा आहे. त्याची रंगीत तालीम म्हणून मॉस्कोत २०१० ते २०११ या काळात सहा जण बंद दालनांत ५२० दिवस राहिले. त्यातल्या एकामध्ये जवळजवळ प्रत्येक आठवड्यात नैराश्याची लक्षणं नोंदली गेली. तरी तो शेवटपर्यंत आत राहिला. मंगळाहून शब्द पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत पाऊण तासही जाईल. फोनवरचं बोलणं संपलं, उरली पत्रं. प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा लागेल, आणि कुठल्या निरोपाचं हे उत्तर ते आधी सांगावं लागेल. नाहीतर कालच्या हुंदक्याला आजच्या विनोदाचं उत्तर जाईल. दर सव्वीस महिन्यांनी सूर्य मध्ये येतो, तेव्हा सुमारे दोन आठवडे काहीच पोचत नाही. त्या आठवड्यांसाठीचे निरोप आधीच बोलून यानात ठेवावे लागतील.

[दृश्य : काळा पडदा. पंख्यांची घरघर. एका निरोपाचा क्रमांक उमटतो. पुढची जागा रिकामी.]