अर्ध्या घरातला धूर

(दृश्य : उतरत्या छपरावर उकिडवा बसलेला माणूस कौलं काढतोय.)

मे महिना सरत आलाय. मालवण तालुक्यातल्या या घराची कौलं परतायचं काम सुरू आहे. जूनच्या पहिल्या सरीआधी ते उरकलंच पाहिजे. कौल उचलायचं, शेवाळ खरवडायचं, बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर पुन्हा छपरावर, बद्द वाजलं तर खाली खळ्यात.

(दृश्य : उघड्या छपरातल्या रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, जवळून.)

नीट बघा. डावीकडच्या रिपा काळ्याकुट्ट आणि टणक. उजवीकडच्या पांढुरक्या; नखाने दाबलं की भुसा पडतो. घर एकच, दोन भावांचं, मध्ये एक भिंत. लाकूडही दोन्हीकडे एकाच वेळी चढवलेलं. फरक आहे तो चुलीचा. डाव्या अर्ध्यात काकी राहतात, सकाळ-संध्याकाळ चूल पेटते. धुराने लाकूड सुकं राहतं, कीड फारशी धरत नाही. उजव्या अर्ध्याचं कुलूप गणपतीत निघतं, जमलंच तर शिमग्याला.

बंद घरात एखादं कौल सरकलं तर कळणार कोणाला? पाणी रिपेवर ठिबकत राहतं, रीप कुजते, वाळवी मातीच्या भिंतीतून वर चढते. काही पावसाळे गेले की वासा वाकतो. कोकणातली कितीतरी घरं अशीच बसली आहेत, आणि नाव मात्र वादळाचं होतं.

(दृश्य : माजघरातला जुना फोटो. गिरणीच्या फाटकासमोर उभे पुरुष.)

फोटोत काकींचे सासरे आहेत, गिरणी कामगार. लालबाग-परळ भागात गावकीची एक खोली असायची. पाळी संपवून एक जण यायचा, त्याच वळकटीवर दुसरा उठून कामाला जायचा. जेवण खानावळीत, आणि उरेल ते मनिऑर्डरने गावी. गावाला जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, नंतर एसटी.

मुंबईने कोकणाला पोसलं, असं सर्रास म्हणतात. हिशेब थोडा उलटाही मांडून बघायला हवा. गिरणीचा पगार जेमतेम एका माणसापुरता. त्याची बायको, मुलं, म्हातारे आईबाप भातावर आणि नाचणीवर इथे जगत होते. माणूस खोकायला लागला की तो इथेच परत यायचा, निवृत्त झाला तरी इथेच. कामगाराच्या म्हातारपणाचा खर्च गिरणीच्या वहीत कधी चढलाच नाही. तो या पडवीने उचलला. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तेव्हाही अनेकांना उभं राहायला जागा होती ती गावच्या घरात.

पुढची पिढी बायकामुलांसकट गेली. नालासोपारा, दिवा, कल्याण. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, गाव एका रात्रीच्या अंतरावर आलं. पण माणसं काही परतली नाहीत. २००१ ला सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ ला ८,४९,६५१. शेजारच्या रत्नागिरीतही ती घटलीच, आणि तिथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. घरात मागे कोण राहिलं, ते या आकड्यावरून समजावं.

(दृश्य : भाद्रपद. उजव्या अर्ध्याचं दार उघडतंय. झाडू, शेणाचा सडा, मुलांची धावपळ.)

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत हे अर्धं घर पुन्हा घर होतं. गणपतीमागची भिंत रंगवली जाते. पुतण्या एरवी चर्चगेटला फायली हलवतो, इथे हातात ब्रश घेऊन मोर काढतो. मोराची मान जरा जास्तच लांब झाली आहे, पण त्याला तसं कोणी सांगत नाही.

(दृश्य : माटवी बांधताना.)

गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही माटवी. नारळ, सुपारीचा घड, आंब्याचे टाळ, कवंडाळ, कांगलां, हरणाची फुलं. यातलं निम्मं बाजारात मिळतं, निम्मं रानातून आणावं लागतं. कुठल्या बांधावर काय फुलतं हे या घरात आता काकींनाच ठाऊक. त्या पुढे चालतात, मुंबईची मुलं मोबाइल सावरत मागे. कवंडाळ ओळखायला शिकवताना काकी फळ हातात देत नाहीत. वेल दाखवतात आणि म्हणतात, शोधा.

(दृश्य : रात्रीचं भजन, आरती, पंगत.)

(दृश्य : दुपार. पडवीत बसलेली घरची माणसं.)

शहर बरं की गाव, हे आम्ही इथे प्रत्येकाला विचारलं. मुंबईकरांनी गाव सांगितलं. गावातल्या पोरांनी मुंबई. काकी म्हणाल्या, भात खाली ठेवते, मग बोलू.

गावात अडचणी आहेतच. शाळेत पोरं कमी, शेतात माकडं जास्त, आणि दुखणं मोठं असलं की गाडी गोव्याला, बांबोळीच्या इस्पितळात न्यावी लागते.

आजची बैठक मात्र घराबद्दल आहे. एकाला स्लॅब हवा. एकाला होमस्टे काढायचा आहे, पर्यटक येतात म्हणतो. एकाला वाटा विकायचा आहे, पण सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की सगळ्यांच्या सह्या गोळा करण्यातच वर्ष जाईल. मोठ्या सुनेचं म्हणणं सरळ : आधी संडास घराला जोडून बांधा, मग राहायचं बोला. गणपतीतल्या रांधण्या-वाढण्यात तिची सुट्टी गेली आहे, त्यामुळे गावच्या मोकळ्या हवेचं कौतुक ती जरा जपून करते.

काकी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हंय रवतला कोण, ता आधी सांगा." म्हणजे, इथे राहणार कोण, ते आधी सांगा.

उत्तर आलं नाही. ठरलं ते एवढंच : रिपा बदलायची वर्गणी दिवाळीपर्यंत जमा करायची, आणि उजव्या अर्ध्याची किल्ली यापुढे काकींकडे ठेवायची, म्हणजे अधूनमधून त्या बाजूलाही चूल पेटवता येईल. लाकडं कोण आणून देणार, यावर अजून बोलणं झालेलं नाही.