एका सहीतून जन्मलेला शब्द

पडद्यावर दिसणारे हे व्यंगचित्र २६ मार्च १८१२ रोजी ‘बोस्टन गॅझेट’ या वृत्तपत्रात छापून आले. पंख आणि नखे असलेला हा विचित्र प्राणी नीट न्याहाळला, तर त्याच्या अंगावर गावांची नावे आढळतात: डोक्यापाशी सॅलिसबरी, पाठीकडे अँडोव्हर. हा प्राणी म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सिनेटचा एक मतदारसंघ होता.

राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत मतदारसंघांच्या फेररचनेच्या विधेयकावर सही केली होती. त्यांच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाने एसेक्स परगण्यात सीमारेषा अशा ओढल्या होत्या, की विरोधी फेडरलिस्ट पक्षाची मते आतल्या तुकड्यात कोंडली जावीत आणि त्याला वळसा घालणारा लांबट मतदारसंघ आपल्या हाती यावा. या मतदारसंघाचा आकार सॅलमँडरसारखा दिसत होता; सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर. त्याच्या नावाचे शेपूट गव्हर्नरांच्या आडनावाला जोडून विरोधकांनी ‘गेरीमँडर’ हा शब्द घडवला.

युक्ती फळली. राज्यभरात फेडरलिस्टांना अधिक मते मिळूनही सिनेटच्या ४० पैकी २९ जागा गेरी यांच्या पक्षाला मिळाल्या. स्वतः गेरी मात्र गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, कारण त्या पदासाठी अख्खे राज्य हाच मतदारसंघ होता आणि तिथे रेषा ओढायला जागाच नव्हती.

गेरी यांच्या जावयाने पुढे त्यांच्या चरित्रात लिहिले, की ही योजना त्यांना मनापासून नापसंत होती. ते खरे मानले, तरी त्यांची जबाबदारी कमी होत नाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या याच माणसाने १७८७ मध्ये, नागरिकांच्या हक्कांची सनद नाही हेही एक कारण देऊन, देशाच्या राज्यघटनेवर सही करण्यास नकार दिला होता. म्हणजे न पटलेल्या कागदावर सही कशी नाकारायची, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

१८१३ मध्ये ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या आडनावातून या शब्दात आलेला ‘ग’ कालांतराने मऊ पडला. पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा आखण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द आज निवडणुकीच्या चर्चेत बहुतेक ठिकाणी ‘जेरीमँडर’ असाच उच्चारला जातो.