पाल्य म्हणजे आंडोर-आंडेर

[पहाट. बोरी नदीचं पात्र, पलीकडे पांढरं फुललेलं कपाशीचं शेत.]

अमळनेर तालुका, बोरीकाठ. दिवाळी होऊन गेलीय. सातच्या आत बाया भाकरी बांधून वेचणीला निघतात, त्या दिवेलागणीलाच परततात. जिल्हा परिषदेची शाळा त्यानंतर भरते आणि त्या यायच्या आत सुटते. घर आणि शाळा एकाच गल्लीत, पण दोघांची गाठ पडत नाही.

[सूचना वही. ओळीवरून फिरणारं बोट.]

‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, आपल्या पाल्याच्या प्रगतीबाबत शाळा व्यवस्थापन समितीची सभा आयोजित केली असून सर्वांनी उपस्थित राहावे.’

दप्तरातून ही चिठ्ठी घरी जायची, खाली सही किंवा अंगठा उमटून परत यायची. सभेला माणसं चार-पाच. कारण ठरलेलं असायचं: पालकांना आस्था नाही.

[ओसरी. आई मुलीच्या वेण्या घालतेय. शेजारी बांधलेली भाकरी.]

हे चित्र त्याच गावातलं, सकाळी सव्वासहाचं.

[शाळेची स्वयंपाकखोली. खिचडीचं पातेलं, वाफ.]

मॅडम साताऱ्याकडच्या, बदलून इथे आल्या. फळ्यावरची भाषा मराठी, मुलांच्या घरची अहिराणी. २०११च्या जनगणनेत अहिराणी खान्देशी या भाषेखाली मोजली गेली आणि खान्देशी बोलणारे लोक अठरा लाखांहून जास्त भरले. शाळेच्या एकाही चिठ्ठीत मात्र त्यांच्या बोलीतलं एक वाक्य नव्हतं. ‘आठे’ म्हणजे इथे, ‘तठे’ म्हणजे तिथे, एवढं मॅडमना मुलांनी शिकवलं. बाकीची शिकवणी या पातेल्याशेजारी झाली, खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे.

मॅडम सूचना वाचतात. मावशी तांदूळ निवडता निवडता ऐकतात. ‘पाल्य’ आला की हात थांबतो.

‘हाई काय ऱ्हास, मॅडम?’

पाल्य म्हणजे आपलं मूल, मॅडम सांगतात.

‘मंग आंडोर-आंडेर म्हना ना!’

आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. इतकी वर्षं ज्या शब्दाखाली अंगठा घेतला जात होता, तो शब्द या गल्लीत कुणाच्या तोंडी कधी आलाच नव्हता. पुढे ‘उपस्थित राहावे’चं झालं ‘या’. तारखेच्या जागी आलं ‘बजारना दुसरा दिन’, कारण इथल्या घरांतला आठवडा बाजाराच्या दिवसावरून मोजला जातो. सकाळी अकराची वेळ मावशींनी ऐकली, पण तिचं अहिराणीत काही केलं नाही. नुसतं म्हणाल्या, ‘तव्हय कोन येई?’ वेळ रात्री आठची झाली.

[मोबाइल हातात. मॅडम बोलतात, थांबतात, पुन्हा बोलतात.]

मग आवाजाचं रेकॉर्डिंग. पहिल्यांदा मॅडम बातम्या दिल्यासारख्या बोलल्या. दुसऱ्यांदा मधेच कोंबडा आरवला. तिसऱ्यांदा ‘बहिनीस्वन’वर जीभ अडखळली. चौथ्यांदा मावशींनी पदराला हात पुसले आणि फोन आपल्याकडे घेतला.

‘रामराम, भाऊस्वन नि बहिनीस्वन. बजारना दुसरा दिन, रातले आठ वाजता साळामा या. जेवन करीसन या. तुम्हना आंडोर-आंडेर काय शिकी ऱ्हायनात, ते मॅडम सांगतीन. बायास्वन, तुम्हीन बी या.’

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात हे गेलं. पण गटातले नंबर बहुतेक वडिलांचे, फोन त्यांच्या खिशात. म्हणून तोच आवाज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून लावला.

[भोंगा. दारात येऊन थांबलेल्या बाया.]

अमळनेर इथून जवळ. तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवत होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहून काढायचे. मूठभर वाचक, तरी त्यांच्यासाठी रोज लिहायचे. भोंग्यावर मावशींचा आवाज ऐकताना ते दैनिक आठवलं.

[रात्र. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, मागे झोपलेली लहानगी.]

२००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया. कागदावर त्या होत्याच, पण सभेला नवरे यायचे. आज त्या स्वतः बसल्यात. मॅडमनी भाषण तयार केलं होतं, ते वहीतच राहिलं. कारण पहिला प्रश्न आला, ‘मना आंडोर कोनाजोडे बसस?’ मग दुसरा, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी का नाही? मॅडमनी पेन काढलं आणि बराच वेळ फक्त लिहून घेतलं. या निवेदनातलं एकच दृश्य ठेवायचं म्हटलं, तर मी हे ठेवीन.

[दाराची नवी कडी.]

कडी बसली. सभेला लोक यायला लागले. गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन जातो.

[कुलूप लावलेलं घर. बाजूच्या ओसरीवर आजी.]

या घरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलीत. मुलगी आजीजवळ राहिलीय. भोंगा तिकडे पोचत नाही, पण फोन पोचतो. मावशींचा निरोप फडावर गेला आणि तिकडून उत्तर आलं. आधी वारा, बैलाच्या घुंगरांचा आवाज, मग आईचा:

‘मॅडम, मन्ही आंडेर वाची ऱ्हायनी का?’

मॅडमनी काही सांगितलं नाही. फोन मुलीसमोर धरला.

[मुलगी पुस्तक उघडते, बोट ठेवून वाचू लागते. इथून निवेदन नाही. तिचाच आवाज.]