तारण

[दृश्य : वसई परिसरातली एक कॅथलिक दफनभूमी. संध्याकाळ.]

आज २ नोव्हेंबर. काल सकल संतांचा सण झाला. तो देवाजवळ पोहोचलेल्यांचा. आजचा दिवस सर्व मृतांचा, त्यातही जे अजून वाटेवर आहेत त्यांचा. कबरी धुऊन झाल्यात, झेंडू वाहून झालाय, मेणबत्त्या लागतायत.

माणूस गेला, दफन झालं, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना झाली. मग ही मेणबत्ती कशासाठी?

[दृश्य : बाजारपेठ. बँकेची पाटी.]

'सोने तारण कर्ज'. तारण हा शब्द आपल्याला बहुधा इथेच भेटतो. चर्चमध्ये तो येतो बुडत्याला पैलतीरी नेण्याच्या अर्थानं. पण लॅटिनमध्ये याच कल्पनेसाठी वापरतात तो 'रेदेम्प्तियो' हा शब्द मुळात व्यवहारातलाच आहे : दाम मोजून सोडवून आणणं. पापात गहाण पडलेला माणूस ख्रिस्तानं क्रूसावर किंमत देऊन सोडवला. म्हणजे बँकेची पाटी वाटते तितकी परकी नाही.

[दृश्य : गोवा, रायतूर.]

इंग्लंडमधून आलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. १६१६ साली त्यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापलं गेलं. त्यात स्वर्ग झाला 'वैकुंठ' आणि तारण झालं 'मुक्ती'. लोकांच्या तोंडचे शब्द. पण मुक्ती म्हटलं की मराठी कानाला जन्ममरणाचा फेरा सुटल्याचं ऐकू येतं. कॅथलिक शिकवणीत फेराच नाही. एक जन्म, एक मरण, लगेच न्याय. आणि युगाच्या अंती देहासकट पुनरुत्थान. देहातून सुटका नाही, देह परत मिळणार. शब्द तोच, वाट अगदी उलटी!

[दृश्य : पापनिवेदनाची लाकडी खोली, रिकामी.]

हे तारण कमवायचं असतं की नुसतं स्वीकारायचं? या प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोप दुभंगला. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर म्हणाले, केवळ श्रद्धेनं. १३ जानेवारी १५४७ रोजी कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं उत्तर दिलं : पहिलं पाऊल देवाच्या कृपेचंच, ते कुणाच्या पुण्याईनं पडत नाही. पण माणसानं त्या कृपेला हो म्हणायचं आणि जगताना म्हणत राहायचं. 'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण इथं अर्धीच लागू पडते. तुला न विचारता तुला घडवणारा देव तुझ्याशिवाय तुला तारणार नाही, असं संत ऑगस्टिन त्याच्याही हजारावर वर्षं आधीच सांगून गेले होते. लूथरन आणि कॅथलिकांनी या विषयावर एकत्र सही केली ती थेट ३१ ऑक्टोबर १९९९ला, ऑग्सबर्गमध्ये.

स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, कृपा मिळते, गंभीर पापानं तुटते, पापनिवेदनानं पुन्हा जुळते. कृपेत मेला पण डाग राहिले, तर शुद्धिस्थान, म्हणजे ते डाग धुऊन निघण्याची अवस्था. त्याला नरकाची ओसरी समजणारे बरेच भेटतात. तसं नाही. तिथं गेलेला वाचलाच आहे. फक्त अजून पोहोचलेला नाही. त्याला हात द्यायचा तो मागे राहिलेल्यांनी, प्रार्थनेनं आणि मिस्सेनं. मेणबत्ती त्यासाठी.

[दृश्य : दफनभूमी. कबरीशी हात जोडून उभी एक कुंकू लावलेली बाई.]

आणि या शेजारीणबाईंचं काय? १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेचा निकाल कडक होता : ख्रिस्तसभेबाहेर, म्हणजे चर्चसंस्थेबाहेर, तारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली ते वाक्य पुसलं नाही, पण दार उघडलं : स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

त्याआधी अमेरिकेतले फादर लिओनार्ड फीनी जुन्या वाक्याचा अक्षरशः अर्थ धरून बसले होते. रोमनं बोलावलं, ते गेले नाहीत. १९५३ साली आज्ञाभंगासाठी त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केलं गेलं. बाहेरच्यांना तारण नाही म्हणणारा माणूस स्वतःच बाहेर! १९७२ साली त्यांना परत आत घेतलं.

[दृश्य : बाई पदरानं वारा अडवून मेणबत्ती पेटवते.]