एकास पस्तीसची सहा पौंडी तोफ

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्र. झाडीच्या आडोशाला तोफ, मागे वाकून बसलेले जवान.]

तारीख २० सप्टेंबर १९४४. ठिकाण नेदरलंड्समधलं ओस्टरबेक, अर्नहेम शहराला लागून असलेलं गाव. तीन दिवसांपूर्वी ब्रिटिशांचं हवाई मार्गाने उतरणारं सैन्य इथे आलंय आणि आता त्याला जर्मनांनी घेरलंय. फोटोतली तोफ आहे ब्रिटिश सहा पौंडी, रणगाडाविरोधी. बॉर्डर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीची. जवान तिला 'गॅलिपोली २' म्हणायचे, कारण १९१५ साली हीच पलटण तुर्कस्तानात गॅलिपोलीला लढली होती.

फोटो घेतला त्या घडीला या तोफेचा नेम एका रणगाड्यावर होता. रणगाडा जर्मनांच्या ताब्यातला, पण मूळचा फ्रेंच. १९४० साली हाती लागलेल्या फ्रेंच रणगाड्यांवर जर्मनांनी आग ओकणारी यंत्रं बसवली होती, त्यांतलाच हा एक. या तोफेने तो निकामी केला.

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या वस्तूची मापात लहान केलेली प्रतिकृती (इथे पस्तीस पट लहान), बनवणाऱ्या माणसाला असा फोटो म्हणजे घबाड. पलटण ठाऊक, गाव ठाऊक, तारीख ठाऊक, समोर कोण होतं तेही ठाऊक. अशा चार गोष्टी हातात नसतील, तर कात्री आणि गोंद बाजूलाच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण नुसती 'सहा पौंडी तोफ' असं काही नसतंच.

[दृश्य: टेबलावर किटचे भाग. कॅलिपरने नळी मोजणारा हात.]

आधी नळी बघू. तोफेचा गोळा सुमारे सहा पौंडांचा, म्हणून हे नाव. नळीचा व्यास ५७ मिलिमीटर. तोफेचं काम वूलिचच्या शस्त्रागारात १९३८ सालीच सुरू झालं होतं. पण १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांना आपल्या जुन्या दोन पौंडी तोफा शेकड्यांनी मागे टाकाव्या लागल्या. नव्या तोफेसाठी कारखाने बदलायचे, तर मधले काही महिने हातात कसलीच तोफ नाही. म्हणून जुनीच बनवत राहिले. सहा पौंडीचं मोठं उत्पादन सुरू व्हायला नोव्हेंबर १९४१ उजाडला, आणि रणांगणावर ती पोचली १९४२ च्या मे महिन्यात, लिबियाच्या वाळवंटात.

तिथेही एक अडचण आली होती. मूळ नळी लांब होती, आणि तेवढी लांब नळी कातायला पुरेसे लेथ ब्रिटनमध्ये नव्हते. मग नळी आखूड केली. ही झाली मार्क २ (मार्क म्हणजे आवृत्ती), सुमारे २.४४ मीटर. पुढे लेथ मिळाले तेव्हा मार्क ४ आली, सुमारे २.८२ मीटर, तोंडाशी मझल ब्रेक, म्हणजे तोफेचा मागचा धक्का कमी करणारं टोपण. अमेरिकेत लेथची टंचाई नव्हती. त्यांनी हीच तोफ 'एम१' नावाने बनवली ती पहिल्यापासून लांब नळीची, पण मझल ब्रेकशिवाय.

आता हे पस्तिसाव्या हिश्श्यात मोजा. आखूड नळी सत्तर मिलिमीटर, लांब नळी ऐंशीच्या थोडी वर. फरक जेमतेम अकरा मिलिमीटरचा, पण एका कारखान्यात त्या वर्षी कुठलं यंत्र होतं आणि कुठलं नव्हतं, ते त्यात मावलंय. तुमच्या मॉडेलवर १९४२ चं वाळवंट आणि मझल ब्रेक एकत्र दिसला, तर जाणकार माणूस रंग बघायच्या आधी थांबेल.

[दृश्य: हॉर्सा ग्लायडरचं छायाचित्र.]

नळीनंतर गाडा, म्हणजे तोफ ज्यावर बसते तो चाकांचा सांगाडा. हवाई मार्गाने उतरणाऱ्या सैन्याची तोफ हॉर्सा ग्लायडरमधून, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानातून जायची, सोबत तिला ओढणारी जीपही. लाकडी विमानाच्या त्या पोटात साधा गाडा मावत नव्हता. म्हणून मार्क ३ गाडा निघाला. आस आखूड केला, मागचे दोन पाय दुमडतील असे केले. ओस्टरबेकची तोफ करायची तर हा गाडा हवा.

यातूनच एक गंमत निघते, आणि भलेभले इथे फसतात. नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनचं मॉडेल करायचंय, तर साहजिकच आपण अमेरिकन एम१ तोफेचं किट उचलतो. पण अमेरिकन गाडा ग्लायडरमध्ये शिरेना, म्हणून त्या दलाने ग्लायडरसाठी ब्रिटिश बनावटीची सहा पौंडी घेतली. अमेरिकन जवान, ब्रिटिश तोफ.

आणखी एक बारीक फरक, पण मला तो फार आवडतो. ब्रिटिश गोलंदाज तोफ डावी-उजवीकडे वळवायचा तो खांद्याने रेटून. चाक फिरवायची भानगड नाही. रणगाडा पळतोय, नेम त्याच्याबरोबर सरकला पाहिजे. अमेरिकनांनी सुरुवातीच्या गाड्यावर त्यासाठी दातेरी चक्रं आणि हातचाक दिलं होतं. पुढे एम१ए२ गाड्यावर त्यांनीही तोफ मोकळी वळेल अशी सोय केली. मॉडेलमध्ये हे हातचाक आहे की नाही, एवढ्यावरून तोफेचा काळ कळतो.

[दृश्य: ढालीचा भाग, अगदी जवळून. पॉलिश पेपरने कड घासली जाते.]

ढालीपाशी जरा जास्त वेळ थांबू. किटमधली प्लास्टिकची ढाल साधारण एक मिलिमीटर जाडीची असते. तिला पस्तीसने गुणा. साडेतीन सेंटिमीटर पोलाद! ते रणगाड्याचं कवच झालं. खऱ्या तोफेची ढाल काही मिलिमीटरच्या पत्र्याची, म्हणजे आपल्या मापात कागदाएवढी. यावर उपाय दोन. एक, ढाल मागच्या बाजूने कडेपर्यंत तिरकी घासत न्यायची, म्हणजे समोरून बघताना कड पातळ दिसते. दुसरा, तिला पुरतं बाजूला सारून पितळी पत्र्याची नवी कापायची. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पत्र्याला पोचा पाडता येतो, कोपरा वाकवता येतो, आणि वापरातल्या तोफेची ढाल कधी सरळसोट नसते. कित्येक सहा पौंडींच्या ढालीची वरची कड मुद्दाम नागमोडी कापलेली असायची, कारण सरळ रेघ झाडीत लांबूनही डोळ्यात भरते. आपल्या फोटोतल्या तोफेची कड कशी आहे, ते फोटोच सांगेल.

रिकाम्या पुंगळ्यांचंही तसंच. पुंगळीची लांबी ४४१ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. पितळेची बारीक नळी कापून पुंगळ्या केल्या तर रंगही द्यावा लागत नाही.

रंगाचं थोडक्यात. ब्रिटिश सैन्याची गाडी-तोफ १९४२ पासून तपकिरी रंगायची, एप्रिल १९४४ मध्ये हुकूम निघाला हिरवट ऑलिव्हचा. पण जुनी रंगलेली तोफ लगेच खरवडा, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे सप्टेंबरात दोन्ही रंग शेजारी-शेजारी असू शकतात. संग्रहालयातल्या तोफेच्या रंगावर मात्र विसंबू नका. तो गेल्या काही वर्षांत कुणीतरी नव्याने दिलेला असतो, आणि टायरही बरेचदा युद्धानंतरचे. संग्रहालयात जायचं ते रिव्हेट आणि वेल्डिंग बघायला, टेप घेऊन.

[दृश्य: वाळवंटाचा नकाशा, मग एका जुन्या कागदाचं पान.]

कागदपत्रांना मात्र पर्याय नाही. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनमधल्या क्यू इथे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वायव्य युरोपच्या एका मालिकेत, इटलीच्या दुसऱ्या. कितीदा एका ओळीत लिहिलेलं असतं की आज नव्या तोफा आल्या, जुन्या परत केल्या. मार्क २ की मार्क ४, हा वाद तिथेच मिटतो.

पण कागदही तपासून घ्यावा लागतो. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईत 'स्नाइप' नावाच्या ठाण्यावर एकोणीस सहा पौंडी तोफांनी दिवसभर रणगाड्यांचे हल्ले परतवले. लेफ्टनंट कर्नल व्हिक्टर टर्नर यांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. किती रणगाडे फोडले याचे आकडे इतके मोठे येत होते की सैन्याने नंतर एक चौकशी समितीच तिथे पाठवली. तिने मैदानावरचे सांगाडे बघून किमान ३२ रणगाडे धरले, २१ जर्मन आणि ११ इटालियन. लढाईनंतर जागेवर जाऊन मोजणारी माणसं होती, म्हणून आज आपण त्या आकड्यावर उभे राहू शकतो.

[दृश्य: पुन्हा ओस्टरबेक. रस्त्याचा कोपरा.]

आता त्याच २० सप्टेंबरची, त्याच गावातली दुसरी तोफ. दुसऱ्या साउथ स्टॅफर्डशायर पलटणीचा लान्स सार्जंट जॉन बास्कीफिल्ड, वय २१. रणगाडे शंभर यार्डांच्या आत येईपर्यंत तो थांबला आणि मग गोळा झाडला. त्याच्या तोफेवरचे सगळे पडले, त्याच्याही पायाला मोठी जखम झाली. त्याने एकट्याने तोफ चालवली. ती निकामी झाल्यावर तो सरपटत शेजारच्या तोफेकडे गेला. तिच्यावर कुणी जिवंत नव्हतं. तिथूनही त्याने मारा केला आणि तिथेच तो गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर आजही ज्ञात नाही.

गौरवपत्रात त्याने दोन 'टायगर' रणगाडे फोडल्याचं लिहिलंय. हे वाचून आपण टायगरचं किट आणायला धावू नये. खंदकातून, धुरातून बघणाऱ्याला समोरचं प्रत्येक मोठं जर्मन धूड टायगरच वाटायचं. अर्नहेमच्या लढाईत बुरूज नसलेल्या श्टुग तोफगाड्यांची २८०वी ब्रिगेड होती, हे जर्मन बाजूच्या नोंदींतून कळतं. त्या चौकात काय आलं, ते दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवूनच ठरवावं. त्याने बास्कीफिल्डचं शौर्य रतीभरही कमी होत नाही.

आणि शंभर यार्ड? पस्तिसाव्या हिश्श्यात ते २.६ मीटर होतात, साडेआठ फूट. तोफ आणि रणगाडा एकाच फूटभर पाटावर समोरासमोर मांडलेले डायोरामा, म्हणजे मॉडेलचे देखावे, खूप दिसतात. दिसायला झकास, पण अंतर खोटं. मी तोफ एकटीच मांडेन, नळी रस्त्याच्या दिशेने, आणि रस्ता पाटाच्या कडेला संपू देईन.

[दृश्य: इटलीचा नकाशा. ८व्या भारतीय डिव्हिजनचं क्लोव्हर चिन्ह.]

यानंतर मला जे करायचंय ते आपल्या घरचं आहे. इटलीत लढलेल्या ८व्या भारतीय डिव्हिजनमध्ये चौथी मराठा अँटी-टँक रेजिमेंट होती. ब्रिटिश पलटणींचे फोटो शेकड्यांनी मिळतात, या रेजिमेंटचे शोधावे लागतात. तोफखान्याची खूण लाल आणि निळ्या चौकोनाची, डिव्हिजनची क्लोव्हरच्या पानांची, एवढं पक्कं आहे. पण ती खूण त्यांच्या तोफेवर नेमकी कुठे रंगवली होती, टोप्या-हेल्मेटं कशी होती, तोफ कशामागे जोडलेली होती, हे फोटोच सांगू शकतात.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगावकडच्या घरांतून आजोबा-पणजोबांच्या ट्रंका अजून आहेत. त्यात इटलीचा एखादा फोटो असेल तर एक विनंती. फ्रेममधून काढताना कडा कापू नका, खुणा बरेचदा कडेलाच असतात. आणि स्कॅन करताना मागची बाजूही करा. तारीख, गाव, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.