फॅमिली डॉक्टरांच्या अभ्यासक्रमांना मान्यता मिळवताना

मित्रहो,

फॅमिली डॉक्टरांसाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे कार्यक्रम, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सीएमई, भरवणाऱ्या संस्थांची तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. वक्ते नामवंत होते, नोंदणीही भरपूर झाली होती, तरी मान्यतेचा अर्ज परत आला, किंवा मागितलेल्या क्रेडिट पॉइंटपैकी, म्हणजे शिक्षणाच्या तासांबद्दल डॉक्टरांच्या नावे जमा होणाऱ्या गुणांपैकी, निम्मेच पदरात पडले. काही वेळा ही तक्रार रास्त असते. परंतु परत आलेला अर्ज बारकाईने वाचला, तर बहुधा असे आढळते की आयोजकांनी आधी विषय ठरवला, मग वक्त्याची तारीख घेतली, आणि ‘या कार्यक्रमाची गरज काय’ हा रकाना अगदी शेवटी, मुदत संपता संपता भरला. तपासणारी समिती मात्र अर्ज त्याच रकान्यापासून वाचायला घेते. म्हणून आज मी मुख्यतः त्या रकान्याविषयी आणि पैशांच्या रकान्याविषयी बोलणार आहे.

मान्यतेची ही सारी यंत्रणा आली कुठून, हे थोडक्यात पाहू. अमेरिकेत १९४७ साली सामान्य व्यावसायिक डॉक्टरांची जी संघटना स्थापन झाली आणि जी आज ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्स’ म्हणून ओळखली जाते, तिने सदस्यत्व टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत १५० तासांच्या शिक्षणाची अट घातली. ही अट डॉक्टरांनी स्वतःहून स्वतःवर घालून घेतली होती, हे विसरू नये. पुढे अनेक देशांत शिक्षणाचे तास परवान्याशी किंवा नोंदणीशी जोडले गेले. भारतात २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने पाच वर्षांत किमान ३० तासांची अपेक्षा नोंदवली; ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२पासून डॉक्टरांच्या फेरपडताळणीची पद्धत सुरू झाली. तासांना असे मोल आले की ते तास कोणी दिले, कशासाठी दिले आणि कोणाच्या पैशाने दिले, हे विचारणारे कोणीतरी लागतेच.

आता गरजेच्या रकान्याकडे वळू. समजा, ‘उच्च रक्तदाब : नवे प्रवाह’ असा कार्यक्रम आहे आणि गरजेच्या रकान्यात ‘उच्च रक्तदाबाचे प्रमाण वाढत असल्याने डॉक्टरांना अद्ययावत माहिती देणे आवश्यक आहे’ एवढेच लिहिलेले आहे. या वाक्यात खोटे काही नाही. पण त्यातून समितीला काहीच कळत नाही, कारण रोगाचे प्रमाण वाढणे ही रुग्णांची अडचण झाली, डॉक्टरच्या कामातली उणीव नव्हे. तोच अर्ज असाही लिहिता येतो : दवाखान्यात एकदाच घेतलेल्या मापनावर निदान केले जाते, घरी घेतलेल्या नोंदींशी ते पडताळले जात नाही, जाड दंडाच्या रुग्णाला नेहमीचाच लहान कफ, म्हणजे रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा, बांधला जातो आणि त्यामुळे रक्तदाब प्रत्यक्षाहून जास्त दिसतो, आणि उलट बाजूने, अनेक भेटींत रक्तदाब चढा आढळूनही औषधोपचार आहे तसाच पुढे चालू राहतो. या तीन ओळींनी कार्यक्रमाचा आराखडाच बदलतो. नव्या औषधांवरचे तासभराचे भाषण अर्ध्या तासावर येते, मापनाचे प्रात्यक्षिक आत शिरते, आणि औषध कधी वाढवायचे याचा निर्णय प्रत्यक्ष रुग्णांच्या कागदपत्रांवरून करून पाहण्याचे सत्र घ्यावे लागते.

ही उणीव शोधायची कशी? सदस्यांना प्रश्नावली पाठवणे हा सोपा मार्ग, आणि बहुतेक संस्था तेवढ्यावरच थांबतात. पण स्वतःला जाणवलेली गरज आणि स्वतःला न जाणवलेली गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅनडातील फॅमिली डॉक्टरांचे ‘कॉलेज’, म्हणजे त्यांची व्यावसायिक संस्था, आयोजकांकडे या दोहोंची विचारणा करते. ज्याला आपला कफ चुकतो हेच माहीत नाही, तो डॉक्टर प्रश्नावलीत मापनाचे प्रशिक्षण मागणार नाही. तो नव्या औषधांविषयीच विचारील. दुसऱ्या प्रकारची गरज रुग्णनोंदींच्या तपासणीतून, तज्ज्ञांकडे पाठवलेल्या चिठ्ठ्यांतून, पूर्वचाचणीतल्या चुकांतून दिसते. छोट्या संस्थेलाही हे जमते. चार-पाच दवाखान्यांनी नावे वगळून दिलेल्या नोंदी पुष्कळ काही सांगून जातात.

उद्दिष्टे या गरजेतूनच निघाली पाहिजेत. ‘जागरूकता वाढवणे’, ‘सखोल माहिती देणे’ ही उद्दिष्टे वक्त्याची झाली. कार्यक्रमानंतर डॉक्टर काय वेगळे करील, हे समितीला वाचायचे असते. १९९९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या आढाव्यात असे दिसले होते की निव्वळ व्याख्याने डॉक्टरांची कार्यपद्धती बदलत नाहीत, तर सहभाग घ्यायला लावणारी सत्रे ती बदलू शकतात. हे मी व्याख्यान देतानाच सांगतो आहे, यातली गंमत मलाही कळते.

आणखी एक मुद्दा इथेच सांगतो, कारण तो वारंवार राहून जातो. कार्यक्रम फॅमिली डॉक्टरांसाठी असेल, तर नियोजनात फॅमिली डॉक्टर हवाच. केवळ हृदयरोगतज्ज्ञांनी आखलेला कार्यक्रम हृदयरोगतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागासाठी उत्तम असतो. एकाच सकाळी तापाचे मूल, गर्भवती स्त्री आणि मधुमेही आजोबा तपासणाऱ्याला त्यातले फारच थोडे उपयोगी पडते. नियोजन समितीत नाव घातले आणि बैठकीला बोलावलेच नाही, असे करू नका. कार्यक्रमपत्रिका पाहिली की ते लपत नाही.

आता पैसा. औषध किंवा उपकरण कंपनीचे अनुदान घेणे सर्वत्र निषिद्ध आहे असे नाही, पण त्या पैशाने विषय, वक्ता आणि मजकूर ठरता कामा नये. अमेरिकेतील निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या मान्यता परिषदेची सचोटी व स्वायत्ततेची मानके २०२० साली प्रसिद्ध झाली आणि जानेवारी २०२२पासून लागू झाली. त्यांनुसार नियोजक आणि वक्ते यांना मागील २४ महिन्यांतले अशा कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध आयोजकांना कळवावे लागतात, आणि जिथे शिक्षण चालते त्या जागेत सत्राच्या आधी वा नंतर ३० मिनिटांच्या आत कंपनीची जाहिरात किंवा प्रदर्शन मांडता येत नाही. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हितसंबंध जाहीर केला की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. जाहीर करणे ही पहिली पायरी झाली. त्यानंतर त्या वक्त्याची मांडणी कोणा तटस्थ व्यक्तीने तपासली का, किंवा शिफारशींचा भाग दुसऱ्याकडे सोपवला का, हे अर्जात लिहावे लागते. स्लाइडवर एकाच कंपनीचे व्यापारी नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर अर्जातली सारी निवेदने फोल ठरतात. कंपनीने पाठवलेली तयार स्लाइड वापरण्याचा मोह वेळ वाचवतो खरा, पण ती सरळ नाकारावी असे माझे स्पष्ट मत आहे.

तासांचा हिशेब त्या मानाने सोपा. सर्वसाधारणपणे एका तासाच्या शिक्षणाला एक क्रेडिट असा नियम चालतो. नोंदणी, उद्घाटन, सत्कार, चहा आणि जेवण यांचे तास धरले जात नाहीत. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच म्हणजे आठ क्रेडिट असे मागणाऱ्यांना जो धक्का बसतो, तो याचाच. अर्जासोबत मिनिटांसह कार्यक्रमपत्रिका जोडावी आणि मान्यतेनंतर वक्ता किंवा विषय बदलला तर तो लगेच कळवावा.

पत्रक छापण्याची घाईही नडते. मान्यता यायच्या आधी काय छापता येईल, याचे नियम संस्थेनुसार बदलतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या क्रेडिटबाबत ‘अर्ज केला आहे’ असे छापायलासुद्धा मनाई आहे, तर फॅमिली फिजिशियन्सच्या अकॅडमीने ‘अर्ज दाखल झाला असून निर्णय प्रलंबित आहे’ अशा आशयाचे ठरावीक निवेदन करू दिलेले आहे. एकाच कार्यक्रमासाठी दोन्ही क्रेडिट मागणाऱ्याने पत्रकाचा मसुदा दोन्ही नियमांवर घासून पाहावा.

शेवटी मूल्यमापन. ‘वक्ते कसे वाटले, सभागृह कसे होते’ एवढेच विचारणारा फॉर्म समाधान मोजतो, शिक्षण नव्हे. रक्तदाबाच्या आपल्या उदाहरणात तीन महिन्यांनी सहभागी डॉक्टरांना दोनच प्रश्न पाठवता येतील : मोठ्या आकाराचा कफ आता दवाखान्यात आहे का, आणि गेल्या महिन्यात निदान पक्के करण्याआधी किती रुग्णांकडून घरच्या नोंदी मागवल्या? उत्तरे थोडीच येतील. तरी ती जपून ठेवा, कारण पुढच्या वर्षीच्या अर्जात गरजेचा रकाना भरताना हीच उत्तरे हाताशी लागतील.